शेपटीच्या शब्दांच्या फानियाबाई

आमच्या प्रिलेप गावातून इंग्रजांच्या मुलखात जायचं तर पासपोर्ट सरकार देतं, तिकीट पोरं स्वतः काढतात, पण त्याआधी फानियाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून शेपटीचे शब्द घोटावे लागतात. त्याला सुटका नाही. डब्लिनला म्हाताऱ्यांच्या सेवेला गेलेल्या पोरी, लंडनला भिंती रंगवायला गेलेले पोरगे, सगळे तिथूनच गेले. फानियाबाईंच्या कोठीच्या दाराला आतून काळा रंग दिलेला आहे. दार उघडलं की फळा, मिटलं की नुसती लोणच्याच्या बरण्यांची कोठी.

शेपटीचे शब्द म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत शाळा न शिकलेल्या बायकांनाही ठाऊक आहे, कारण फानियाबाईंनी कोणालाच सोडलेलं नाही. इंग्रज माणूस साधं 'दे' म्हणून थांबत नाही. त्याच्या मागे वर, खाली, आत, बाहेर असलं काहीतरी बारकं लावून देतो, आणि अर्थ पार दुसऱ्याच गावाला जातो. गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर, पण गिव्ह अप म्हणजे वर देणं नव्हे, हात टेकणं. आमच्या बोलीतही असलं बारकं असतं, पण ते शब्दाच्या पुढे चिकटलेलं, बैलाच्या शिंगासारखं. लांबूनच दिसतं, माणूस सावध होतो. इंग्रजांचं मागून येतं. बोलणं संपलं म्हणून आपण मान डोलवावी, तेवढ्यात शेपूट गालावर बसते.

फानियाबाई चाळीसएक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवत होत्या. एवढ्या वर्षांत इंग्लंडला काही जाणं झालं नाही. आधी परवानगी नव्हती, मग पैसे नव्हते, मग दिमको आजारी पडला. दिमको त्यांचा नवरा, तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचा. बायकोच्या सगळ्या विद्येतून त्याने एकच शब्द उचलला होता, 'कम ऑन'. जेवण उशिरा आलं की कम ऑन, टीव्हीवर आपला संघ हरायला लागला की कम ऑन, बाई पाहुण्यांना पोचवायला फाटकात गेल्या आणि तासभर आल्याच नाहीत की खिडकीतून कम ऑन. बाई म्हणायच्या, तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा आहे. तो म्हणायचा, "असू दे. तू तिन्ही वेळा आलीस ना."

खराखुरा इंग्रज त्यांना आयुष्यात एकदाच भेटला होता, तो बसच्या थांब्यावर. मठाकडे जायचं तर कुठे उतरायचं, एवढंच त्या बिचाऱ्याने विचारलं. उतरणं म्हणजे गेट ऑफ. पण गेट ऑफचे बाईंना सात अर्थ येत होते, आणि एवढ्या वर्षांनी ऐकणारा मिळाला होता. तिसऱ्या अर्थापर्यंत तो हसत होता. पाचव्याला बस गेली.

भाषांतर करायची बाईंची रीत निराळी होती. शब्दकोशावर त्यांचा विश्वास नव्हता. त्या स्तोयनाच्या पावाच्या दुकानात जाऊन उभ्या राहायच्या आणि प्रसंग सांगायच्या.

"स्तोयना, समज, घरी पाहुणे यायचेत. तू पिठाचा डबा उघडलास. आत चिमूटभरही पीठ नाही. काय म्हणशील?"

"शेजारणीकडून आणीन."

"करशील काय ते नाही विचारलं. तोंडाने म्हणशील काय?"

"तोंडाने म्हणेन, अगं, वाटीभर पीठ दे."

"त्याच्या आधी. डबा बघितल्याबरोबर."

स्तोयना विचार करायची. मागे रांग खोळंबलेली असायची. "बाई, माझं पावाचं दुकान आहे. माझ्याकडे पीठ संपत नाही. न्हाव्याला विचारा."

आणि बाई आनंदाने घरी जायच्या, कारण रन आउटला हवा तो शब्द, 'संपणं', स्तोयना बोलता बोलता टाकून गेलेली असायची.

तर असं सगळं सुरळीत चाललं असताना ब्लागुनाची इंग्रज सून यायची ठरली.

ब्लागुना बाईंच्या शेजारची, भिंतीला भिंत. तिचा ल्युपचो लीड्सला गवंडीकामाला गेला आणि तिथेच लग्न करून बसला. सुनेचं नाव हेदर. लग्न तिकडेच कचेरीत झालं. ब्लागुनाने फोटोत पाहिलं तेवढंच. आता सप्टेंबरात दोघं पहिल्यांदा घरी यायची होती, आणि ल्युपचोने फोनवर आईला साफ सांगितलं होतं, "आई, तिला आवडलं तर दरवर्षी येऊ. नाही आवडलं तर तिला सुट्टीत स्पेनचा समुद्र आवडतो. मग मी काय करणार?"

ब्लागुना त्याच संध्याकाळी बाईंच्या दारात.

"बाई, मला अख्खं इंग्रजी नको. या वयात कुठे घालू? सून घरात येईल, बसेल, जेवेल, राहील, तेवढं द्या."

बाईंनी कोठीचं दार उघडलं आणि मांडून दिलं. आत ये ते कम इन. बूट काढ ते टेक ऑफ. सपाता घाल ते पुट ऑन. बस ते सिट डाउन. सगळं संपव ते ईट अप. ब्लागुनाने घोकायला सुरुवात केली. दोन दिवसांत तिच्या कोंबड्यांनाही कम इन कळायला लागलं.

मग बाई म्हणाल्या, "आणि प्रत्येकाच्या शेवटी प्लीज लावायचं."

"ते म्हणजे काय?"

"म्हणजे कृपा करून."

ब्लागुना बघतच राहिली. "कृपा करून बस? असं मी पोस्टातल्या बाईला म्हणते. असं डॉक्टरला म्हणते. माझी सून आहे ती, बाई. तिला कृपा करून म्हटलं तर तिला वाटेल, सासूने पहिल्याच दिवशी परकं केलं."

बाईंना इंग्रजी येत होतं, पण बाई प्रिलेपच्याच होत्या. दिमकोने त्यांना कधी कृपा करून मीठ दे म्हटलं असतं, तर त्यांनी आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. त्यांना ब्लागुनाचं पटलं. त्यांनी स्वतःच्या बाहीने प्लीज पुसून टाकलं.

हेदर आली तेव्हा अर्धी गल्ली फाटकापाशी काही ना काही काम काढून उभी होती. उंच, तांबूस केसांची, गालावर ठिपके, हातात फुलांचा गुच्छ. ब्लागुना पुढे झाली. परदेशी माणूस म्हणजे थोडा बहिरा, अशी आमच्याकडे सगळ्यांची समजूत आहे, म्हणून ती शेतातून हाक मारावी तशी म्हणाली, "कम इन." सून आत आली. "टेक ऑफ." सुनेने बूट काढले. "पुट ऑन." तिने सपाता घातल्या. "सिट डाउन." ती बसली, पाठ ताठ, गुडघे जुळवून. ब्लागुनाने सारमा वाढला, कोबीच्या पानात गुंडाळलेला, आदल्या दिवसापासून मंद आचेवर शिजलेला, आणि म्हणाली, "ईट अप."

हेदरने सगळा खाल्ला. तिच्या आईने तिला शिकवलं होतं की परक्या घरी ताटात टाकायचं नाही. आणि आमच्याकडे ताट रिकामं दिसलं की याचा अर्थ माणूस अजून भुकेला आहे. ब्लागुनाने पुन्हा वाढलं. हेदरने पुन्हा संपवलं. ब्लागुना ल्युपचोला म्हणाली, "कधीपासून उपाशी ठेवलंस रे हिला?"

चार दिवस हेच चाललं. सून दिवसेंदिवस गप्प होत गेली. फक्त एक बोलायची, थँक्यू. पाण्याला थँक्यू, टॉवेलला थँक्यू, उशीला थँक्यू.

पाचव्या दिवशी सकाळी ब्लागुना भिंतीवरून बाईंशी बोलायला आली. डोळे लाल.

"बाई, मी हॉटेल काढलंय का? दर गोष्टीला थँक्यू. स्वतःच्या आईला कोणी असं करतं? जणू म्हणतेय, तुझं माझं काही नातं नाही, काय झालं असेल ते इथल्या इथे फिटलं."

ती गेली आणि तासाभरात ल्युपचो आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, शाळेत गृहपाठ न करता यायचा तसाच.

"बाई, आईला तुम्ही काय शिकवलंत?"

"का?"

"हेदर म्हणते, तुझी आई मला कवायत करायला लावते. म्हणते, तिला मी आवडत नाही, ती मला एक शब्द गोड बोलत नाही. काल रात्रीपासून पोट धरून बसलीय. उद्या ओहरिदला तळ्यावर हॉटेलात जाऊ म्हणते, उरलेले दिवस तिकडेच काढू. आणि पुढच्या वर्षीचं तर बोलूच नकोस म्हणते."

"तू तिला सांगितलं नाहीस, आई प्रेमाने म्हणते म्हणून?"

"सांगितलं. ती म्हणते, तुझी आईच ती, तू असंच म्हणणार."

"आणि आईला?"

"आई म्हणते, तू बायकोचाच झालास." ल्युपचोने डोकं खाजवलं. "मी गाडीचं तेल बदलायला चाललोय, बाई. तुम्ही जाऊन बघा जरा."

गाडीचं तेल त्याने परवाच बदललं होतं. पण पुरुषमाणूस अशा वेळी जातो कुठे तर गाडीखाली.

फानियाबाई कोठीच्या दारापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. चूक कुठे झाली ते त्यांना कळलं होतं. पुसलेल्या प्लीजचा पांढुरका डाग अजून दिसत होता. पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. आज खऱ्या इंग्रज बाईशी बोलायचं होतं, आणि या खेपेला बस निघून जाणार नव्हती. त्यांनी आपला चांगला, लग्ना-मयतीचा कोट घातला, त्यावर ब्रोच लावला, सप्टेंबरच्या उन्हात. स्तोयनाने दुकानातून हाक मारली, "बाई, कोण गेलं?"

ब्लागुनाच्या अंगणात मिरच्यांचा दिवस होता. लांबड्या लाल मिरच्या पोत्यांनी आलेल्या, पत्र्याच्या शेगडीवर भाजून घमेल्यात घाम धरायला झाकून ठेवलेल्या. सोललं की मग कढईत तासन्‌तास घोटायचं आणि आयवार करून हिवाळ्यासाठी भरून ठेवायचं. ब्लागुना एकटी बाकावर बसून सोलत होती, रागाने, भराभर. हेदर पलीकडे खुर्चीवर, हात मांडीवर, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतात तशी. दोघींच्या मध्ये धूर.

बाईंनी खुर्ची ओढली आणि आपल्या सर्वात स्वच्छ इंग्रजीत विचारलं, काय झालंय. हेदर बोलायला लागली, आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. शब्द पाण्यासारखे वाहत होते, आणि त्यातला एकही शाळेच्या पुस्तकातल्यासारखा वाजत नव्हता. लीड्सची माणसं अर्धा शब्द गिळतात, हे पुस्तक छापणाऱ्याने कुठे लिहिलं नव्हतं. बाई मान हलवत राहिल्या. शेवटी एक ओळखीचा तुकडा सापडला. हेदर म्हणत होती, मला त्यांना पुट आउट करायचं नाहीये.

पुट आउट म्हणजे विझवणं. कोठीच्या दारावर वर्षानुवर्षं तेच होतं. बाईंनी शेगडीकडे बघितलं. ब्लागुनाने बाईंकडे बघितलं.

"काय म्हणते?"

"थांब."

"चांगलं आहे का वाईट?"

"थांब म्हटलं ना."

आता कबूल करायचं तर गल्लीतली एवढ्या वर्षांची अब्रू जाणार, आणि न करायचं तर उद्या सून जाणार. बाईंनी ब्रोच सारखा केला आणि इंग्रज बाईला स्तोयना करून टाकलं. म्हणाल्या, "शब्द राहू दे. तू हे कधी म्हणतेस? प्रसंग सांग. सावकाश."

हेदर मग सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाली, "समजा, मी कोणाच्या घरी गेले. ती बाई पहाटेपासून माझ्यासाठी राबते. मी नुसती बसून असते. मला काही करू देत नाहीत. मला वाटतं, मी आले नसते तर बरं झालं असतं, तिचे कष्ट वाचले असते. तेव्हा म्हणते."

हे मात्र बाईंना शब्द न् शब्द कळलं. त्यांनी ब्लागुनाकडे वळून सांगितलं, "ती म्हणते, माझ्यामुळे तुम्हाला त्रास होतो."

ब्लागुनाच्या हातातली मिरची तशीच राहिली. "त्रास? कोण म्हणालं त्रास? मी वर्षभर वाट बघितली. मी तिला तोंडाने म्हटलं का, त्रास होतो म्हणून?"

"तू तिला तोंडाने दुसरं काय म्हटलंस? कम इन, टेक ऑफ, सिट डाउन."

"तुम्हीच शिकवलंत."

"मीच शिकवलं," बाई म्हणाल्या. "तिच्या देशात असं सैन्यात म्हणतात. तिथे नवरा बायकोकडे मीठ मागतो तोसुद्धा प्लीज म्हणून, आणि मिळालं की थँक्यू म्हणतो."

"घरात?"

"घरात. मुलं आईला म्हणतात."

ब्लागुनाने सुनेकडे बघितलं, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर माया आली. "बिचारी. कशात वाढली असेल."

मग बाई हेदरकडे वळल्या. हे बोलणं त्यांना जड गेलं, कारण यातलं काहीच दारावर लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की आमच्याकडे प्लीज हे पोस्टातल्या खिडकीसाठी असतं. ज्याच्यावर हक्क नाही, त्याची विनवणी. ब्लागुनाने पुढारी घरी आला तर त्याला प्लीज म्हटलं असतं, आणि त्याला सारमा दिला नसता. तुला ती हुकूम देते, कारण ल्युपचोलाही देते, मेलेल्या नवऱ्यालाही द्यायची. आणि ताटात दोन घास ठेवत जा, नाहीतर ती तुला मारूनच टाकेल.

हेदरने ऐकून घेतलं. हसली नाही. नजर मिरच्यांच्या ढिगावर. ब्लागुना कुजबुजली, "कळलं का तिला?" बाईंना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आपण सांगितलं ते इंग्रजी होतं की नुसते हातवारे, तेही नक्की नव्हतं.

मग हेदर उठली. दोरीवर ब्लागुनाचा जुना ॲप्रन वाळत होता, तो न विचारता ओढून घेतला आणि कमरेला बांधला. बाकापाशी आली. ब्लागुना बाकाच्या मधोमध ऐसपैस बसली होती. हेदर तिला म्हणाली, "मूव्ह ओव्हर."

प्लीज नाही. काही नाही.

फानियाबाईंनी तोंड उघडलं. हा शब्द त्यांच्या दारावर नव्हता. मूव्ह म्हणजे हलणं, ओव्हर म्हणजे पलीकडे, की वरून? त्या योग्य शब्द शोधत असतानाच ब्लागुना बूड सरकवून मोकळी झाली होती आणि सून शेजारी बसली होती.

"अगं, मी अजून सांगितलं कुठे?" बाई म्हणाल्या.

"त्यात काय सांगायचंय, बाई?" ब्लागुना म्हणाली. तिने एक मिरची सुनेच्या हातात दिली. हेदरचे हात भाजले, तिने फुंकर मारली. सालीबरोबर अर्धा गर निघून आला. ब्लागुनाने तिच्या हातातून मिरची हिसकावली, देठाकडून कसं धरायचं ते दाखवलं, पुन्हा दिली. "बिया. बिया राहिल्या." आपल्याच भाषेत ओरडली. हेदरने बिया काढल्या. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याला तिला फार कष्ट पडले, ते दिसत होतं.

ल्युपचो संध्याकाळी तेलकट हात पुसत आला, तोवर घमेली रिकामी झाली होती. हेदरचे हात कोपरापर्यंत लाल. त्याने हळूच विचारलं, ओहरिदच्या हॉटेलला फोन करू का. ती काहीतरी लांबलचक बोलली.

"काय म्हणते?" ब्लागुनाने विचारलं.

ल्युपचो म्हणाला, "म्हणते, उद्या हे सगळं घोटायचंय ना, जाणार कसं. आणि मला सांगते, पुढच्या वर्षीही सुट्टी सप्टेंबरातच घे. मिरच्या फक्त तेव्हाच असतात, हे तू मला आधी सांगितलं का नाहीस म्हणून रागावलीय."

ब्लागुनाने उठून चुलीत लाकूड सारलं. धूर डोळ्यात गेला म्हणून डोळे पुसले, असं तिचं म्हणणं.

बाई घरी जायला निघाल्या. फाटकापर्यंत हेदर त्यांना पोचवायला आली, आणि तिथे उभी राहून पुन्हा त्याच लीड्सच्या वेगाने काहीतरी विचारलं. बाईंना एक अक्षर कळलं नाही. पण दिवसभरात एवढी अब्रू कमावल्यावर पुन्हा प्रसंग सांग म्हणायची त्यांची तयारी नव्हती. त्या थाटात म्हणाल्या, "येस. ऑफ कोर्स."

हेदरने त्यांना मिठीच मारली. चांगल्या कोटाला आयवार लागला.

"काय विचारलं तिने?" बाईंनी ल्युपचोला बाजूला घेऊन विचारलं.

"तुम्ही तर हो म्हणालात."

"हो म्हणाले. काय विचारलं?"

"हिवाळाभर दर रविवारी कॉम्प्युटरवरून आपली भाषा शिकवाल का, असं विचारलं. म्हणते, व्याकरण नको. सगळे हुकूम शिकवा. आईला द्यायला लागतील असे."

फानियाबाईंनी आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. त्यांनी कोटावरचा डाग बघितला, मग ल्युपचोकडे बघितलं.

"मग तो डबा आणून जोडून दे," त्या म्हणाल्या. "आणि कोठीच्या दारासमोर ठेव. तिला फळा दिसला पाहिजे."